तुम्ही विचारलंत म्हणून: चांदोलीत वाघ दिसतो का?

चांदोलीला, सह्याद्रीतल्या त्या राष्ट्रीय उद्यानात, जाऊन आलो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "वाघ दिसला का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो. नाही दिसला. तेवढ्यासाठी कुणी तिथे जाऊही नये, असं मला मनापासून वाटतं. ताडोबाचं रान पानगळीचं. उन्हाळ्यात पाणवठ्याशी बसलं की नजर लांबवर पोचते. चांदोलीचं रान बरंचसं हिरवंगार आणि दाट, कडे-ओढ्यांनी चिरलेलं. जवळ उभा असलेला गवासुद्धा फांदी मोडली तरच कळतो.

गवा मात्र पाहाच. वाढलेला नर सात-आठशे किलोंच्या पुढे जातो आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. पहाटे तो सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारावर, चरायला येतो. सड्याच्या जांभ्यावर माती इतकी पातळ असते की तिथे झाड तग धरत नाही, गवत धरतं.

दुसरी कुरणं माणसांची आहेत. वारणेवरचं धरण झालं, 1985 साली अभयारण्य झालं आणि इथली गावं उठली. भाताची खाचरं, नाचणीची वावरं पडीक राहिली आणि गवताळ झाली. तिथे आज गवे, सांबरं, रानडुकरं येतात. म्हणून याला कुणी 'निसर्गाची देणगी' म्हटलं की मला राहवत नाही. ही जमीन लोकांनी सोडली आहे.

वाघाचं उत्तर इथेच आहे. 2010 मध्ये चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. दक्षिणेकडच्या जंगलांतून एखादा वाघ इकडे येईलही, पण राहायचं तर त्याला खूर असलेली जनावरं भरपूर हवीत. म्हणून तर सागरेश्वर अभयारण्यातून चितळ आणून इथे सोडले. आणि चितळांना, गव्यांना हवं गवत. कुरण नुसतं सोडून दिलं की झुडपं घुसतात, मग रान. ती झुडपं काढणारी, वणव्याच्या दिवसांत जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) राखणारी माणसं वाघाइतकीच महत्त्वाची आहेत. त्यांच्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

कोळसुंदेही इथे आहेत. टोळीनं शिकार करणारी ही रानकुत्री पांगली की शिट्टीसारख्या आवाजानं एकमेकांना हाक घालतात. पण माझा जीव आहे पिसोरीवर. तीनेक किलोंचं हे हरणासारखं जनावर, शिंगं नाहीत, नराला बारीक सुळे, अंगावर पांढरट ठिपके आणि पट्टे. वावर रात्रीचा. दिवसा पाचोळ्यात निश्चल बसलं की शेजारून गेलात तरी कळत नाही.

जायचंच तर पावसाळा टाळा, तेव्हा उद्यान बंद असतं. हिवाळ्यात जा, आणि वाटाड्याला वाघ कुठे आहे ते विचारण्याऐवजी गवत कुठल्या सड्यावर चांगलं आहे ते विचारा.