मॅग्नेटवरची खूण

शुक्रवार, रात्र

पुतण्याची मातीवर पळवायची जुनी टू-स्ट्रोक गाडी उन्हाळ्यात सीझ झाली होती, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला होता. अंबडला लेथवर सिलिंडर बोअर करून घेतला, नवा पिस्टन आणि रिंगा बसवल्या. खालच्या क्रँकला, तिच्या टोकावरच्या मॅग्नेटला (स्पार्कसाठी फिरणारं चुंबकाचं जड चाक) हात लावायचं कारणच नव्हतं. तरी गाडी चालू होताना उलटी किक मारायला लागली. तापली की जास्तच. त्यात जोर दिला की हेडमधून टणटण आवाज.

नाशकात अशा वेळी दहा जणांना विचारा, अकरा जण कार्बोरेटर उघडायला सांगतात. पण उलटी किक पेट्रोलची नसते. पिस्टन वर यायच्या फार आधी स्पार्क पडला की तोच पिस्टन मागे ढकलला जातो. म्हणजे टायमिंग, स्पार्कची वेळ, पुढे गेलंय.

गंमत अशी की टायमिंग लाइट (प्रत्येक स्पार्कबरोबर लुकलुकणारा दिवा) लावला तर खूण खुणेवर, एकदम बरोबर! पुतण्या म्हणाला, "काका, टायमिंग तर ओके आहे." इथेच सगळे फसतात. लाइट दाखवतो ती खूण मॅग्नेटवर, आणि स्पार्कचा इशारा देणारा उंचवटाही त्याच मॅग्नेटवर. मॅग्नेटच क्रँकवर सरकला असेल तर दोघे जोडीनेच सरकतात. लाइटला पिस्टन कुठे आहे ते काय माहीत?

म्हणून प्लग काढून तिथे डायल गेज बसवला, पिस्टन किती खाली आहे ते मोजायला. स्पार्क पडायला हवा तो पिस्टन टोकाला यायच्या 20 अंश अलीकडे; 50 मिमी स्ट्रोक आणि 100 मिमी रॉडला म्हणजे पिस्टन टोकापासून साधारण 1.9 मिमी खाली. मॅग्नेट हळूहळू फिरवून खूण जुळवली, तर गेजवर 3.4! सरळ 27 अंश झाले.

पुलर लावून मॅग्नेट काढला. आतली, मॅग्नेट आणि शाफ्टच्या खाचेत बसणारी अर्धचंद्री चावी मधोमध अर्धी कापलेली, वरचा भाग पुढे सरकलेला, पण तुटून पडलेला नाही. एक मिलिमीटर असेल. ऐकायला काहीच नाही, पण 17 मिमीच्या शाफ्टवर तेवढ्याचे जवळपास 7 अंश होतात. सीझ होताना क्रँक जागच्या जागी थांबली आणि जड मॅग्नेट आपल्या वेगात पुढे गेला, तेव्हाचाच हा प्रताप.

लोकांना वाटतं मॅग्नेट चावीवर फिरतो. चावी फक्त जागा दाखवते, धरून ठेवतो तो टेपर, म्हणजे शाफ्टचं निमुळतं टोक. त्यामुळे नुसती नवी चावी घालून भागणार नव्हतं. टेपरवर व्हॉल्व्हची बारीक पेस्ट लावून मॅग्नेट हाताने घोळवला, दोन्हीकडे सारखी करडी झाक येईपर्यंत. मग पेट्रोलने धुवून कोरडं केलं. तेलाचा थेंबही राहिला तर पुन्हा सरकणार. नवी चावी, आणि नट टॉर्क रेंचनेच आवळला. पान्यावर उभं राहून नट आवळणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

गेज पुन्हा लावला, खुणेवर 1.9.

किक मारायचा मान पुतण्याने हट्टाने घेतला. बूट घालूनच मार म्हटलं. दुसऱ्या किकला उठली, पायाला झटका नाही, जोर दिला तरी टणटण नाही. आयडलला अजून थोडी डगमगते, आणि हे मात्र खरंच कार्बोरेटरचं काम आहे. रविवारी मखमलाबादच्या मातीत जायच्या आधी जेट काढून बघतो. नव्या रिंगा घासून नीट बसेपर्यंत थ्रॉटल पूर्ण पिळायचा नाही, हे त्याला दोनदा बजावलंय. ऐकेल असं वाटत नाही.