समुपदेशनाचा प्रवेश आणि नावातील तफावत : माझा अनुभव

समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करायचा म्हटले की जो तो प्रवेश परीक्षेविषयी आणि मुलाखतीविषयी सांगतो. मला मात्र या दोहोंपेक्षा अधिक काळ अडवून धरले ते माझ्या स्वतःच्या नावाने, आणि त्याबद्दल आधी कोणी चकार शब्द काढला नव्हता. लग्नानंतर पुन्हा शिक्षणाकडे वळणाऱ्या मुलींसाठी आणि बायकांसाठी मी हे मुख्यतः लिहीत आहे. थोडेसे अजून न निवळलेल्या रागापोटीही लिहीत आहे, हे लपवत नाही.

परीक्षेचे थोडक्यात सांगते. मुंबईतील ज्या संस्थेत मला शिकायचे होते ती सीयूईटी पीजीचे, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या सामायिक राष्ट्रीय परीक्षेचे, गुण ग्राह्य धरते. २०२५ च्या मार्चमध्ये झालेल्या या परीक्षेत ९० मिनिटांत ७५ प्रश्न होते, बरोबर उत्तराला चार गुण मिळत आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होई. पदवीला मानसशास्त्र मन लावून शिकलेल्या माणसाला ती जड जाऊ नये. त्यानंतर संस्थेचा स्वतंत्र अर्ज, उद्देशपत्र आणि ऑनलाइन मुलाखत असे सगळे सुरळीत पार पडले आणि तात्पुरत्या निवड यादीत माझे नाव आले.

कागदपत्रे अपलोड केल्यानंतर मात्र माझ्या खात्यावर एक ओळ उमटली : ‘नावात तफावत आढळली आहे, योग्य पुरावा जोडावा.’ तफावत होती हे खरेच. माझ्या मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आधी माहेरचे आडनाव, मग माझे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव आहे. आधार कार्डावर माझे नाव, नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव आहे. दोन्ही कागदांवर सारखा असा एकच शब्द, तो म्हणजे माझे पहिले नाव. महाराष्ट्रातल्या असंख्य बायकांचे कागद असेच असतात, त्यामुळे प्रवेशाचे काम पाहणाऱ्या कोणालाही हा प्रकार नवा नसणार, असे मी गृहीत धरले आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडून निश्चिंत झाले. दाखला परत आला. कारण पुन्हा तेच, शब्दही तेच. ‘योग्य पुरावा म्हणजे नेमका कोणता’, असे मी ईमेलने विचारले, तेव्हा ‘उमेदवाराने योग्य तो पुरावा जोडावा’ असे उत्तर आले. माझ्याच प्रश्नातले शब्द मला परत पाठवणाऱ्या त्या उत्तराची मी छापील प्रत काढून ठेवली आहे.

दाखला का नाकारला हे मग मी स्वतःच शोधू लागले. आमचे लग्न माझ्या माहेरी, मालवण तालुक्यातल्या गावी लागले आणि नोंदणीही तिथल्याच ग्रामपंचायतीत झाली, कारण १९९८ च्या कायद्यानुसार खेड्यात विवाह निबंधकाचे काम ग्रामसेवक पाहतात. त्या दाखल्यावर ग्रामपंचायतीचा गोल शिक्का नेमका माझ्या आडनावावर बसला आहे आणि त्याची जांभळी शाई अक्षरांत उतरली आहे. मूळ कागद डोळ्यांजवळ धरला तर आडनाव वाचता येते. परंतु स्कॅन करून दिलेल्या मर्यादेत फाइल लहान केली की तिथे फक्त जांभळा डाग उरतो. तेव्हा नवी प्रत काढणे आले. मी देवगड तालुक्यात राहते. २०२५ साली पाऊस मे महिन्यातच कोकणात उतरला होता, वीज तासन्‌तास जात होती, आणि कुणकेश्वर, आचरा असे करत मालवणकडे जाणाऱ्या एसटीच्या वेळांवर विसंबता येत नव्हते. ग्रामसेवकांकडे (यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) एकाहून अधिक गावांचा कारभार असतो, म्हणून ते कोणत्या दिवशी कोणत्या गावात बसतात हे फोनवर विचारून मगच निघावे. त्यांनी प्रत मात्र विनातक्रार दिली आणि शिक्का कुठे मारू, असे मलाच विचारून तो कोपऱ्यात मारला.

शिक्का कोपऱ्यात गेला तरी दाखला पुन्हा परत आला. या वेळी मी तो नीट वाचला आणि लक्षात आले की त्यावर माझे विवाहापूर्वीचे नाव आहे, नवऱ्याचे नाव आहे, विवाहाची तारीख आहे. मात्र विवाहानंतर मी कोणते नाव लावते हे त्यावर कुठेच लिहिलेले नाही. कायद्याने नाव बदलणे बंधनकारक नसल्यामुळे ते तिथे लिहिलेले नसणे योग्यच आहे. पण मग हा दाखला चालणार नाही, एवढे एक वाक्य त्या कार्यालयाने पहिल्याच दिवशी लिहायला काय हरकत होती?

महा ई-सेवा केंद्रातल्या मुलाने मला सोपा उपाय सुचवला. ‘वयनी, आधारच बदलून टाका, म्हायारचा नाव लावा, काम झाला.’ तसे अजिबात करू नये. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. एक संधी लग्नानंतर वापरली असेल तर दुसरी प्रवेशाच्या घाईत खर्च करणे शहाणपणाचे नाही. शिवाय बँक खाते आणि पॅन कार्ड नव्या नावावर असते, त्यामुळे तफावत नाहीशी न होता फक्त दुसरीकडे सरकते. मी प्रतिज्ञापत्र केले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये शंभरचा मुद्रांक पाचशेवर गेल्यामुळे तोही खर्च वाढला होता. प्रतिज्ञापत्रही पुरेसे नाही असे कळले तेव्हा मी ईमेल लिहिणे सोडून दिले आणि सकाळी कार्यालय उघडल्यापासून फोन लावत बसले.

बऱ्याच वेळाने एका बाईंनी फोन उचलला. माझे सगळे गाऱ्हाणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एका वाक्यात म्हणाल्या, ‘ताई, राजपत्र आणा, मग दुसरे काही लागणार नाही, आणि ते येईपर्यंत हमीपत्र द्या, जागा जात नाही.’ मला त्या क्षणी आनंद व्हावा की संताप यावा हे कळेना, कारण इतक्या साध्या माहितीसाठी माझा जवळजवळ सगळा मे महिना गेला होता. राज्य शासनाच्या मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर नावातील बदलासाठी अर्ज करता येतो आणि मंजूर झाल्यावर तो बदल राजपत्राच्या, म्हणजे सरकारी गॅझेटच्या, दुसऱ्या भागात छापून येतो. तिथे जुने आणि नवे नाव एकाच नोंदीत असते, आणि माझ्या सगळ्या कागदांत अशी दोन्ही नावे एकत्र असलेला हाच काय तो सरकारी कागद. माझे ठाम मत आहे की पदवी एका नावाने आणि आधार दुसऱ्या नावाने असेल तर प्रवेशाचा विचार मनात येताच, परीक्षेचा अर्ज भरण्याच्याही आधी, हे काम उरकून घ्यावे.

शिफारसपत्रांचे सांगायचे राहिले. माझे प्राध्यापक निवृत्त झाले होते आणि संस्थेला महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलवरूनच पत्र हवे होते. म्हणून जे अद्याप सेवेत आहेत अशांना निदान महिनाभर आधी विचारून ठेवावे. मुलाखतीत मला विचारले गेले की गावाकडे लोक आजारी माणसाला आधी देवळात कौल लावायला नेतात, तर समुपदेशक म्हणून तुम्ही त्याला विरोध कराल का. मी नाही म्हणाले. कौल घेऊन आलेल्या घराला आमच्याकडे यायलाही तितकाच मोकळेपणा वाटला पाहिजे, आणि औषधांची गरज असेल तर रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे हे त्या घराला सांगणे माझे काम आहे, असे उत्तर मी दिले. ते त्यांना पटले असावे. स्वतःच्या परिसराचे बोलावे, पुस्तकातल्या व्याख्या त्यांना पाठच असतात.

अनेक मैत्रिणी विचारतात की हे घरबसल्या होणार नाही का. आता नाही. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायविषयक कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम, ज्यांत मानसशास्त्रही आले, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून ठरवले आहे. कोकणातल्या बायकांसाठी हे फार अडचणीचे आहे, असे मला वाटते.

मूळ कागदांच्या पडताळणीसाठी मुंबईला जाताना एक दिवस आधीच पोहोचावे, कारण १५ जूनपासून कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागू होते आणि गाड्या सावकाश धावतात. दुसऱ्या विद्यापीठात जायचे असेल तर स्थलांतर प्रमाणपत्रासाठीही निकालाची वाट न पाहता अर्ज करावा. माझ्या पडताळणीला बसलेल्या लिपिकाने राजपत्राची प्रत उलटूनही पाहिली नाही, नुसती फाइलला लावली. संस्थेच्या ओळखपत्रावर माझे नाव गुणपत्रिकेप्रमाणे, म्हणजे माहेरचेच, छापून आले आहे. परीक्षेच्या सगळ्या नोंदी त्याच नावाने राहतील, फक्त शुल्काच्या पावतीवर बँक खात्यानुसार सासरचे नाव येते, आणि त्या पावतीसोबत राजपत्राची एक प्रत मी नेहमी जोडून ठेवते.