सही तिचीच होती

पुण्यातल्या एका कॉलेजात मी वाणिज्य शाखेला शिकवते. गेल्या वर्षी अंतर्गत परीक्षेतल्या कॉपी केसेससाठी चौकशी समिती नेमली, त्यात माझं नाव होतं. एका दुपारी सात केसेस. सहा पटापट आटोपल्या, मुलांनी समोर बसून आपणहून सांगून टाकलं. सातवी प्रथम वर्षाची मुलगी, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी. तिचे वडील पहाटेच्या एसटीनं इंदापूरहून आले होते. मांडीवर पिशवी घेऊन बाहेरच्या बाकावर बसून होते.

फाइलमध्ये दोनच कागद. एक चिठ्ठी, दोन बोटं रुंद, चार घड्यांची. दुसरा छापील कबुलीजबाब. त्यातलं नाव, बैठक क्रमांक, विषय, सगळं भलत्याच अक्षरात भरलेलं. सही तेवढी तिची, आणि इतकी दाबून केलेली की कागदाच्या मागे बोटाला लागत होती.

"सही आहे ना? मग विषय संपला," अध्यक्ष म्हणाले.

"सर, एकदा तिला विचारू तरी."

"मॅडम, हे काय कोर्ट आहे का?"

कोर्ट नाहीच. रांचीच्या मेडिकल कॉलेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्ये मान्य केलं होतं की आरोप असलेल्या मुलांना तक्रारदार मुलींची उलटतपासणी करू दिली नाही, एवढ्यानं कॉलेजची चौकशी चुकीची ठरत नाही. पण तिथं मुलांना आरोप सांगितला होता, त्यांचा खुलासा घेतला होता. आणि उत्तर प्रदेश बोर्डानं गैरप्रकाराच्या ठपक्यावरून तीन विद्यार्थ्यांचे निकाल त्यांचं म्हणणं न ऐकताच रद्द केले होते, ते रद्द करणं याच न्यायालयानं १९६२ मध्ये टिकू दिलं नाही. हे मी सरांना शांतपणे सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

मुलगी आत आली. सही का केलीस, विचारलं.

"सर म्हणाले, सही कर, मग पेपर पुढं लिहायला देतो. चाळीस मिनिटं राहिली होती, मॅडम."

मला पुढचा प्रश्न सुचेना. चाळीस मिनिटांसाठी पोरीनं वर्ष पणाला लावलं होतं.

मी त्या हॉलवरच्या सुपरवायझरना बोलवायला लावलं. तरुण, तासिका तत्त्वावरचे सर. त्यांनाही नोकरीची धास्ती असणारच. चष्मा काढून पुसत राहिले, मग म्हणाले, "हातात नाही पाहिली. बाकाखाली पडली होती. मागच्या मुलानं दाखवली." त्यांच्याबद्दल मला आजही आदर वाटतो. आसनव्यवस्थेचा कागद मागवला, तर सकाळी त्याच वर्गात दुसऱ्या तुकडीचा त्याच विषयाचा पेपर झालेला.

चिठ्ठी तिची नव्हतीच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ती तिची होती, असं म्हणायला आमच्याकडे काहीही नव्हतं. पेपर तपासायला पाठवावा, असं आम्ही लिहिलं. छापील कबुलीजबाब बंद करावेत, विद्यार्थ्यानं स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावं, हेही माझ्या आग्रहावरून त्यात आलं. त्यावर बराच वाद झाला, तो इथं नको.

संध्याकाळी बापलेक स्टाफरूमच्या दाराशी आले. वडिलांनी चपला बाहेर काढल्या होत्या.

"मॅडम, तिची काही चूक निघाली नाही, असा कागद मिळंल का? गावात कळलंय. दाखवाय लागंल."

ऑफिस बंद व्हायला दहा मिनिटं होती. मी क्लार्कना थांबवून ठेवलं.