टायरवरच्या ८८ चा अर्थ मला माणगावात कळला

मे महिन्यात दापोलीहून पुण्याला येत होतो. सात सीटर गाडी, मी चालवत होते, सासूबाई, नवरा, दीर, जाऊबाई, दोन मुलं आणि वर कॅरियरवर आंब्याच्या दहा पेट्या. माणगावला चहाला थांबलो तर मागच्या डाव्या टायरला बाजूने लिंबाएवढा फुगा आलेला. शेजारच्या पंक्चरवाल्याने नुसता हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, याला पंक्चर निघत नाही, आतले धागे तुटलेत, घाटात घेऊन जाऊ नका."

स्टेपनी चढवता चढवता त्याने टायरच्या आतल्या बाजूला मोबाईलचा टॉर्च मारून डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे दाखवले, १८१७, म्हणजे २०१७ सालच्या १८ व्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा नक्षी चांगली खोल दिसली म्हणून मी खूश होते, तारीख बघायची असते हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग तो म्हणाला समोर वजनकाटा आहे, भरलेल्या गाडीचं वजन करून घ्या. केलं. सगळे आत बसलेले असताना १८२० किलो, आणि फक्त मागची चाकं काट्यावर घेतली तर १०१०. मॅन्युअल काढलं, त्यात कर्ब वेट ११८० आणि ग्रॉस वेट १७६०. कर्ब म्हणजे पेट्रोल-ऑइलसकट पण माणसांशिवाय गाडी, ग्रॉस म्हणजे माणसं सामान सगळं धरून कंपनीने घालून दिलेली मर्यादा, म्हणजे मला मिळत होते ५८० किलो आणि मी भरले होते ६४०. सात सीट आहेत म्हणून सात माणसं, त्यांचं सामान आणि वर कॅरियर एवढं सगळं चालेल असं मी इतकी वर्षं धरून चालले होते! नवरा आणि दीर चार पेट्या घेऊन एसटीने आले, आम्ही ताम्हिणीतून सावकाश.

पुण्यात टायरवाल्याकडे गेले तर तो म्हणे १७५/६५ आर१५ ८४ घ्या मॅडम, स्वस्त पडेल, जवळपास सेमच आहे. माझे होते १८५/६५ आर१५ ८८एच. यातलं १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १५ रिमचे इंच, एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग. आणि मधलं ८८ हा लोड इंडेक्स, एका टायरला ५६० किलो. ८४ म्हणजे फक्त ५००. काट्याच्या पावतीप्रमाणे माझ्या मागच्या एकेका चाकावर ५०५ किलो येत होते, म्हणजे त्याचा स्वस्त टायर माणगावातच कमी पडला असता. पावती त्याच्यासमोर ठेवली आणि ८८एचचीच जोडी घेतली.

आणखी एक, हा भार टायर पुरेशा हवेवरच पेलतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो, माझ्या गाडीला थोड्या माणसांना ३३ आणि फुल लोडला मागे ३६ पीएसआय लिहिलंय, मी कायम सगळीकडे ३० भरत होते. हवा टायर थंड असताना बघायची, चालवून तापला की आकडा जास्त दाखवतो. म्हणून आता पंप घरीच ठेवलाय, गावाला निघायच्या दिवशी सकाळी सामान चढवायच्या आधी मागच्या दोन्ही टायरमध्ये ३६ करते, आणि पेट्या पार्सलने येतात.