लेखक एक की अनेक: रिपॉझिटरी बदलताना आलेला अनुभव

लेखांचा जुना संग्रह अपाची जॅकरॅबिट या सॉफ्टवेअरवरील रिपॉझिटरीतून (मजकुराच्या साठ्यातून) सीएमआयएस हे अशा साठ्यांसाठीचे मानक पाळणाऱ्या नव्या प्रणालीत हलवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मजकूर आणि चित्रे फारशी कुरकुर न करता हलली. अडले ते 'लेखक' या एकाच प्रॉपर्टीपाशी, म्हणजे नोंदीतील माहितीच्या रकान्यापाशी. संग्रहातील नोड (एकेका लेखाच्या नोंदी) 'एनटी:अनस्ट्रक्चर्ड' या प्रकारचे होते. हा प्रकार कोणत्याही नावाची प्रॉपर्टी एकमूल्यी आणि अनेकमूल्यी अशा दोन्ही रूपांत स्वीकारतो, त्यामुळे एकट्याच्या लेखात साधी स्ट्रिंग (एकच शब्दरूप मूल्य) आणि दोघांच्या लेखात अॅरे (मूल्यांची यादी), असे मिश्रण साचलेले होते. सीएमआयएसमध्ये मात्र प्रॉपर्टीच्या व्याख्येतच ती एकमूल्यी की अनेकमूल्यी हे ठरवावे लागते.

सर्व नोंदी अनेकमूल्यी करायच्या, असे ठरले. जॅकरॅबिट जे मानक पाळते त्या जेसीआरमध्ये एका मूल्याचा अॅरे आणि एकमूल्यी प्रॉपर्टी या वेगळ्या गोष्टी आहेत: अॅरेवर गेटव्हॅल्यू (एक मूल्य वाचण्याची आज्ञा) किंवा एकमूल्यी प्रॉपर्टीवर गेटव्हॅल्यूज (मूल्यांची यादी वाचण्याची आज्ञा) चालवले, की व्हॅल्यूफॉरमॅटएक्सेप्शन ही त्रुटी येते. प्रॉपर्टीलाच थेट इजमल्टिपल (ती अनेकमूल्यी आहे का) विचारण्याची सोय जेसीआरच्या २००९ च्या आवृत्तीने, जेएसआर-२८३ ने दिली; २००५ च्या आवृत्तीत, जेएसआर-१७० मध्ये त्यासाठी आधी तिची व्याख्या मागवावी लागे. आमची जुनी रिपॉझिटरी जेएसआर-२८३ पाळणारी असल्याने तो वळसा वाचला. एकमूल्यी प्रॉपर्टीत अॅरे भरता येत नाही, म्हणून मूल्य वाचून, प्रॉपर्टी काढून टाकून, त्याच नावाने ती पुन्हा निर्माण करणारी स्क्रिप्ट मी लिहिली.

खरा वेळ गेला तो रिकाम्या अॅरेंवर. जेसीआरमध्ये एकही मूल्य नसलेली अनेकमूल्यी प्रॉपर्टी अस्तित्वात असू शकते, आणि जुन्या संपादकांनी 'शोध घेतला, पण लेखक सापडला नाही' हे नोंदवण्यासाठी तिचाच उपयोग केला होता. जिथे शोधच घेतला नव्हता तिथे प्रॉपर्टी नव्हती. कल्पना चतुर होती, पण सीएमआयएसमध्ये रिकामी यादी म्हणजे मूल्य दिलेलेच नाही, त्यामुळे हा भेद पुसला गेला असता. संपादकांशी बोलून मी त्यासाठी स्वतंत्र बुलियन (हो/नाही एवढेच मूल्य घेणारी) प्रॉपर्टी ठेवली.

क्वेरीही (संग्रहात शोध घेणाऱ्या आज्ञा) नव्याने लिहाव्या लागल्या. जेसीआरमध्ये 'बरोबर' ही तुलना अॅरेतील कोणतेही एक मूल्य जुळले तरी खरी ठरते, सीएमआयएसमध्ये तिथे एनी ('कोणतेही') हा शब्द स्पष्ट लिहावा लागतो. जुन्या क्वेरींतील 'बरोबर नाही' ही तुलना तर त्याच न्यायाने, वगळायच्या लेखकाचा सहलेखक असला तरी तो लेख निकालात आणत होती. अनेकमूल्यी प्रॉपर्टीवर सीएमआयएसमध्ये ऑर्डर बाय (निकाल क्रमाने लावण्याची आज्ञा) चालत नसल्याने लेखकांनुसार सूची लावण्यासाठी 'पहिला लेखक' ही एकमूल्यी प्रॉपर्टी जोडली, आणि लेख जतन होताना ती अॅरेतील पहिल्या मूल्यावरून भरली जाईल, अशी व्यवस्था केली.