पाय चालतात, मग अडलंय काय?

सुनंदाबाईंच्या फायलीत डॉक्टरांच्या चिठ्ठीच्याही वर टाचणी लावून एक पट्टी जोडलेली होती. त्या जिथे हिशोब लिहितात त्या आडतीवरची, म्हणजे बाजारातल्या दलालाच्या दुकानातली. सोयाबीनचे कट्टे, वजन, भाव, त्यातून वजा केलेली हमाली-तोलाई आणि खाली शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम. हमाली दोनदा कापलेली होती, तोलाई एकदाही नाही. शेठनी ती पट्टी त्यांच्या नवऱ्याच्या हातावर ठेवली होती आणि सांगितलं होतं, "बाईचं कामात लक्ष राहिलं नाही. डॉक्टरला दाखवा, नाहीतर घरी बसवा."

(नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही.)

मी लातुरात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. पाटी वाचून बरेच जण मला 'डोक्याची डॉक्टर' म्हणतात आणि दार ओलांडायला कचरतात. माझं बरंचसं काम मात्र मोजणीचं असतं. अपघातानंतर, लकव्यानंतर, फिट्सच्या आजारात माणसाची स्मरणशक्ती, लक्ष, भाषा किती शाबूत आहे ते तपासायचं. सुनंदाबाईंना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे एमएस. यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते. आपल्याकडे हा आजार युरोपपेक्षा कमी, पण होतो तो ऐन विशी ते चाळिशीत, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. त्यांना तिशीच्या आत एका डोळ्यापुढे अंधारी आली होती. तेव्हाच निदान झालं. नंतर गोळ्या नियमित, आणि गेल्या काही वर्षांत नवा झटका नाही. चाळिशी अजून लांब.

मे महिना होता, म्हणून त्यांना सकाळी लवकर बोलावलं. उन्हाने अंग तापलं की एमएसच्या रुग्णांची जुनी लक्षणं तात्पुरती वर येतात. उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने ते १८९० मध्ये नोंदवून ठेवलं आहे. लातूरच्या दुपारी दोन वाजता घेतलेली चाचणी ही निम्मी उन्हाचीच चाचणी.

सोबत आलेल्या नवऱ्याने खुर्चीत बसायच्या आधीच विषय काढला. "मॅडम, पाय चालू लालेत, डोळा नीट झालाय, गोळ्या चालूच हायत. मग अडलंय काय? डिप्रेशन तर नाही ना?"

प्रश्न चुकीचा नव्हता. उदासी, अपुरी झोप, थायरॉईड, बी-१२ची कमतरता, रक्त कमी असणं, यातलं काहीही डोकं जड करू शकतं. रक्ताचे रिपोर्ट डॉक्टरांनी आधीच करून घेतले होते, ठीक होते. मनःस्थितीची प्रश्नावली मी भरून घेतली. काळजी होती, आणि ती का नसावी? उदासीच्या आजाराएवढं त्यात काही निघालं नाही.

मग नवऱ्याला बाहेर बसवलं. तो गेल्यावर बाई मोकळ्या झाल्या. "मॅडम, हिशोब मला येतोय. आधी सौद्याच्या गोंधळात चौघांशी बोलत पट्ट्या फाडायचे मी. आता मधी कुणी 'बाई, माझं वजन बघा' म्हणलं की डोक्यातलं समदं पुसून जातंय. परत पहिल्यापून."

एवढ्या चार वाक्यांत त्यांनी माझं निम्मं काम करून टाकलं. मला वेळ लागला असता असं नेमकं वर्णन कागदावर उतरवायला.

एमएसमध्ये वापरली जाणारी एक छोटी चाचणी आहे. कागदाच्या डोक्यावर नऊ खुणा, प्रत्येकीखाली १ ते ९ पैकी एक आकडा. खाली त्याच खुणा ओळीने, आकड्यांशिवाय. वर बघायचं, आकडा शोधायचा, तोंडाने सांगायचा. वेळ ९० सेकंद. बरोबर उत्तरं मोजायची, बस. चौथी शिकलेल्यालाही जमते आणि पदवीधरालाही घाम फोडते.

सुनंदाबाईंनी पदर खोचला आणि सुरुवात केली. आवाज स्पष्ट, बोट कागदावर. बहुतेकांचं बघणं दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासून बदलतं. दोन-चार जोड्या नकळत पाठ होतात, मान वर करायची गरज उरत नाही आणि वेग वाढतो. यांचं बोट मात्र शेवटपर्यंत दर खुणेला वर जात राहिलं. वर, खाली, आकडा. वर, खाली, आकडा. मधेच बाहेर कुणाच्या तरी मोबाइलची रिंग वाजली आणि त्या थांबल्या. ओठ हलले, आवाज आला नाही. मग बोट मागच्या खुणेवर गेलं आणि तिथून पुन्हा सुरू झाल्या.

वेळ संपली तेव्हा ३६ उत्तरं झाली होती. चूक एकही नाही.

हे मी दोनदा तपासलं. निदान झाल्यानंतर त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टनी हीच चाचणी करून घेतली होती, तेव्हा आकडा ५१ होता. या चाचणीत चार गुणांची घसरणही दखल घेण्याजोगी मानतात. इथे पंधराची होती. शब्दांच्या यादीतही तीच गत: पाठ व्हायला जास्त फेऱ्या लागल्या, पण जे एकदा बसलं ते अर्ध्या तासाने विचारल्यावर जवळजवळ सगळं आलं. वस्तूंची नावं, भाषा, समज यांत खोट नाही. म्हातारपणच्या स्मृतिभ्रंशाचं चित्र वेगळं असतं. तिथे शिकलेलं निसटतं. इथे काहीच फारसं निसटलेलं नव्हतं. फक्त आत शिरायला वेळ लागत होता.

दुपारी मी जुना आणि नवा असे दोन्ही एमआरआय घेऊन रेडिऑलॉजिस्टकडे गेले. नव्या रिपोर्टमध्ये पहिलं वाक्य 'नवे डाग नाहीत' असं होतं, आणि घरचे तेवढ्यावर निर्धास्त होते. त्यांना दोष देता येत नाही. आवरण जिथे खराब होतं तिथे एमआरआयवर डाग दिसतो, म्हणून एमएस म्हटलं की सगळे डागच मोजतात. मेंदूच्या पोकळ्यांना काटकोनात उभे पांढरे डाग, बोटांसारखे, जुन्या फिल्मवर होते तसेच नव्यावर. शेवटच्या ओळीत मात्र 'मेंदूचे सौम्य आकुंचन' असे तीन शब्द होते. ते कुणी वाचले नव्हते.

रेडिऑलॉजिस्टनी जुनी आणि नवी प्रतिमा शेजारी-शेजारी लावली आणि माउसने मधोमध एक उभी काळी फट दाखवली. तिसरी पोकळी. जुन्या प्रतिमेत ती रेघेएवढी होती, नव्यात ठळक. ती पोकळी रुंदावते कारण तिच्या दोन्ही अंगांना असलेला थॅलॅमस आक्रसतो. आणि सुनंदाबाईंच्या त्या वर-खाली जाणाऱ्या बोटाचं उत्तर बरंचसं तिथे होतं. वास सोडला तर बहुतेक संवेदना थॅलॅमसमार्गेच मेंदूच्या पृष्ठभागाकडे जातात, आणि पृष्ठभागाच्या भागांची आपसातली देवाणघेवाणही बरीच त्याच्यातून चालते. मनमाडची, नांदेडची, परळीची गाडी परभणी जंक्शनात यावी तसं. जंक्शनात एक फलाट कमी झाला तर गाड्या रद्द होत नाहीत, आउटरला उभ्या राहतात.

निरोगी प्रौढाचा मेंदूही दरवर्षी साधारण ०.१ ते ०.३ टक्के आकसतो. उपचार नसलेल्या एमएसमध्ये हा वेग ०.५ ते १.३ टक्क्यांच्या आसपास जातो, आणि थॅलॅमस आजाराच्या सुरुवातीपासूनच त्यात सापडतो. विचारांचा वेग किती मंदावला आहे याच्याशी डागांच्या संख्येपेक्षा या आकुंचनाचं नातं जास्त घट्ट निघतं. शिवाय मेंदूच्या राखाडी सालीतही डाग असतात आणि नेहमीच्या एमआरआयवर त्यातले बहुतेक दिसतच नाहीत. म्हणजे 'नवे डाग नाहीत' हे वाक्य खरं होतं, पण ते फक्त दिसणाऱ्या डागांबद्दल होतं.

एमएसच्या ४० ते ६५ टक्के रुग्णांना आकलनाचा काही ना काही त्रास होतो. नवा शोध नाही हा. शार्को या फ्रेंच डॉक्टरने १८६८ मध्ये या आजाराचं वर्णन केलं तेव्हाच रुग्णांची मंदावलेली विचारशक्ती त्याच्या नजरेतून सुटली नव्हती. तरीही अपंगत्व मोजायला जगभर वापरतात ती न्यूरॉलॉजिस्ट कर्ट्झकेंची १९८३ची मोजपट्टी ४ गुणांच्या पुढे मुख्यतः माणूस किती चालतो यावरच ठरते. सुनंदाबाईंचा त्यावरचा गुण १० पैकी २. कागदोपत्री ठणठणीत.

नवऱ्याला आत बोलावलं, दोन्ही फिल्म दाखवल्या. तो बराच वेळ बघत राहिला. "म्हणजे ही मुद्दाम करू नव्हती लालती," एवढंच बोलला. बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मी काय सांगत होते?"

मग त्यांनीच विचारलं, "वाढंल का हे?" गेलेला भाग परत आणणारं औषध आज नाही, हे मी सांगितलं. चालू औषधं आकुंचनाचा वेग कमी करतात. ती पुरेशी आहेत की बदलायची, हे न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील. व्यायाम, झोप आणि लक्ष-स्मरणाच्या सरावाचा उपयोग होतो. ठरलेल्या वेळी पुन्हा हीच चाचणी. डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. त्यांनी सरावाचे दिवस विचारून घेतले आणि एस.टी.च्या वेळेशी जुळतात का ते बघितलं.

२०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएस आहे, म्हणून प्रमाणपत्रासाठी त्या गेल्या. तिथल्या टेबलावरच्या माणसाने जरा चालून दाखवायला सांगितलं. त्या चालल्या. "मग काय झालंय तुम्हाला?" आता माझा आकड्यांसह रिपोर्ट जोडून अर्ज पुन्हा दिला आहे. वैद्यकीय मंडळापुढे तो जायचा आहे.

शेठना मी पत्र लिहिलं: सौद्याच्या वेळी पट्टी नको, एका वेळी एकच काम द्या, हिशोब मशीनवर करू द्या. त्यांचा फोन आला. "म्हणजे डोकं ठीक आहे म्हणता?"

"ठीक आहे. घाई केली की अडतं."

"मॅडम, सौद्यात घाई करायची नाही तर कुठं करायची हो?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. तूर-सोयाबीनची आवक असली की तिथे श्वास घ्यायला फुरसत नसते. पण त्यांनी मार्ग काढला. सुनंदाबाई आता दुपारनंतर जातात आणि गर्दी पांगल्यावर उधारीची खाती आणि बारदान्याचा हिशोब बघतात. या हंगामात त्यांच्या वहीत चूक निघालेली नाही. शेठनी पगार मात्र कमी केला आहे. "चूक नाही तर कपात कशाची?" असं त्यांनी शेठना तोंडावर विचारलं, आणि दिवाळीच्या आत जुना पगार नाही झाला तर शेजारच्या आडतीवर जाईन, असंही सांगून आल्या आहेत. त्या आडतवाल्यानेही माझा नंबर मागून घेतला आहे.