झोपेचंही डॉक्टरांना सांगा

आज एआरटी सेंटरवर (एचआयव्हीच्या औषधोपचाराचं केंद्र) कळमना मार्केटमधले एक हमालभाऊ आले होते. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला, गोळी चुकत नाही. पण "मॅडम, रातभर डोळ्याला डोळा लागत नाही जी."

त्यांच्या गोळीतल्या डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधाने काहींची झोप उडते. डॉक्टरांनी रात्रीची गोळी सकाळी घ्यायला सांगितली. विषाणू दबला तरी शरीरात थोडा दाह धुमसत राहू शकतो आणि अपुरी झोप त्यात भरच घालते, म्हणून हे दुखणं किरकोळ नाही.

जाताजाता बोलले, घरी अजून कोणालाच एचआयव्हीचं सांगितलं नाही. मला तर झोप उडायचं तेच मोठं कारण वाटतं. पुढच्या वेळी निवांत बोलू म्हटलंय.

झोप येत नसेल तर गोळी स्वतःहून बंद करू नका. नाकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) १०९७ हेल्पलाइन मोफत आहे.